शेरखान आमच्याकडचाच

मे महिन्यात नागपुरात रेकॉर्डिंग करायचं तर पहिलं काम कूलर बंद करायचं. बाहेर पारा ४५च्या वर, पण कूलरची घरघर माइकला खपत नाही, पंख्याचीही नाही. आतल्या खोलीचं दार लावायचं, खालच्या फटीत जुनी चादर कोंबायची, भिंतींवर टांगलेल्या गोधड्या सारख्या करायच्या, लॅपटॉप दाराबाहेर ठेवून फक्त त्याची वायर आत घ्यायची. मग घाम पुसत पुसत बर्फावर घसरणाऱ्या पेंग्विनच्या पिल्लाचं बोलणं बोलायचं. पिल्लू कुडकुडतंय, दात वाजतायत. मुंबईत एसीत बसलेला दिग्दर्शक हेडफोनमधून म्हणतो, "ताई, थंडी अजून थोडी लागू द्या ना."

लागू देते. बिल त्याचंच असतं.

मी कार्टूनला आवाज देते असं लोकांना सांगते, कारण ते एका वाक्यात कळतं. पण नुसत्या कार्टूनवर नागपुरात कुणाचं घर चालत नाही. पेंग्विन झाला की दुपारी फोनवरची ती बाई व्हायचं, जी तुम्हाला "मराठीसाठी एक दाबा" म्हणते. संध्याकाळी सोयाबीनवरच्या खोडमाशीची माहिती वऱ्हाडीत. कुणाच्या शाळेच्या गॅदरिंगला जिजाऊ हवी असते, कुणाला ऑडिओबुकसाठी खोकणारी आजी. निवडणूक आली की ऑटोवरच्या भोंग्यासाठी घोषणा. एका प्रभागात एका पक्षाची आणि शेजारच्या प्रभागात विरुद्ध पक्षाची, दोन्ही त्याच गळ्यातून. हे सगळं ऐकलं की लोक म्हणतात, "बापरे, किती व्हर्सटाइल!" मला मात्र वाटतं, लोकांनी चुकीच्या गोष्टीचं कौतुक धरलंय.

आवाज बदलणं सोपं आहे. कुठल्याही वऱ्हाडात असा एक मामा असतोच, जो दहा जणांच्या नकला करून पंगत हसवतो. बदललेला आवाज तीन महिन्यांनी, सर्दी होऊन गेल्यावर, मधे दुसरे चाळीस आवाज काढून झाल्यावर, पुन्हा जसाच्या तसा आणणं ही खरी मजुरी. मालिका ५२ भागांची असते. पहिल्या भागातल्या अस्वलाच्या पिल्लाचा आवाज चाळिसाव्या भागात अर्धा सूर वर गेला, तर घरातल्या मोठ्यांना पत्ता लागत नाही. पाच वर्षांच्या पोराला लागतो. ते टीव्हीकडे बघून सरळ म्हणतं, "हा तो नाही."

म्हणून माझ्याकडे वही आहे. लहानपणी हिशेबाला असायची तशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. एकेका पात्राला एकेक पान. अस्वलाच्या पिल्लाच्या पानावर लिहिलंय: "जिभेचं टोक खालच्या दातांना. खांदे वर. टाचा उचललेल्या. वय सहा. सतत भूक. प्रश्न विचारताना श्वास आत घेत." आवाज उंच की खालचा, जाड की किनरा, यातलं एक अक्षर त्यात नाही. ते लिहून उपयोग नसतो. शरीर त्या जागी नेऊन ठेवलं की आवाज मागून येतो; नुसता आवाज शोधायला गेलं की त्याची नक्कल हाती लागते. जुन्या भागाची एक ओळ कानात वाजवून घ्यायची पद्धत सगळ्या स्टुडिओत आहे, मीही घेते, पण टाचा उचलल्याशिवाय ते पिल्लू काही माझ्याकडे येत नाही.

ही शिस्त मला लागली ती सिव्हिल लाइन्समधल्या आकाशवाणीत. नागपूर केंद्र १९४८ सालचं. मी तिथे गेले तेव्हा श्रुतिका करणारी जुनी मंडळी अजून होती. त्यांनी पहिल्या दिवशी अभिनय शिकवला नाही, कागद उलटायला शिकवलं. संहितेची पिन काढून टाकायची, पानं सुटी ठेवायची, वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. कागदाची सळसळ माइकवर जंगलात वणवा लागल्यासारखी येते. (वणवा हवा असेल तेव्हा तोच कागद मुद्दाम चुरगाळायचा, ही गंमत वेगळी.) पात्र दूर जातंय तर आवाज बारीक करायचा नाही, तोंड माइकवरून हळूच वळवायचं. बांगड्या बाहेर काढून यायचं. रिकाम्या पोटी बसायचं नाही, कारण पोटातली गुडगुड माइक अगदी प्रेमाने टिपतो. दूध पिऊन यायचं नाही, घसा चिकट वाटतो. यातलं सगळं आजही चालतं. मुंबईच्या पोरांनी त्यात एका हिरव्या सफरचंदाची भर घातली. एक फोड चावली की तोंडातला चिकटपणा जातो आणि शब्दाआधी येणारा 'टच्' आवाज थांबतो.

दुसरी शाळा वडशाची. बाबांचं मूळ गाव तिकडचं, देसाईगंज-वडशाजवळ, वैनगंगेकाठी. दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान निघालेलं असतं, गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं. नट वर टांगलेल्या माइकखाली येऊन बोलतो, बाजूला बसलेला प्रॉम्प्टर ओळी पुरवत असतो आणि आज इथे सासऱ्याचं काम करणारा माणूस उद्या दुसऱ्या गावात दरोडेखोर असतो. गडचिरोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीचे. त्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा ८०० भूमिका आणि ५००० प्रयोग असा आकडा सगळीकडे छापून आला. पुण्या-मुंबईच्या मित्रांना तो फुगवलेला वाटला. मला नाही वाटला. तिकडचा हंगाम ज्याने पाहिलाय त्याला विचारा.

झाडीपट्टीच्या नटाला प्रॉम्प्टर असतो म्हणून लोक हसतात. मला डबिंगच्या खोलीत पहिल्यांदा हेडफोन चढवला तेव्हा तोच प्रॉम्प्टर आठवला. कानात मूळ आवाज, डोळ्यांसमोर चित्र, हातात मराठी ओळ आणि या तिघांना एका श्वासात गाठायचं. ऐकत ऐकत बोलायचं, पण ऐकलेल्याच्या मागे पडायचं नाही. हे कसब त्या मांडवातल्या माणसांकडे होतं, आणि त्यांना त्याचं विशेष वाटत नव्हतं.

डबिंगबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लोकांना वाटतं चित्र चालू करतात आणि आम्ही बोलतो. भारतात बनलेल्या कार्टूनमध्ये बहुतेकदा आवाज आधी होतो, मग त्यावर चित्रं हलतात. तिथे आम्ही मोकळे असतो. बाहेरून आलेल्या किंवा हिंदीतून मराठीत आणायच्या मालिकेत ओठ आधीच हललेले असतात. प, ब, म आले की ओठ मिटतात, ते लपवता येत नाही. हिंदीत ससा ओरडतो, "मत जाओ!" भाषांतरकाराने लिहून दिलेलं असतं "नको जाऊस". अर्थ बरोबर, पण ससा ओठ मिटून सुरुवात करतोय आणि गोल करून संपवतोय. ऐनवेळी मी "मागे हो!" म्हणते. म मिटला, हो गोल झाला, ससा वाचला. जपानी मालिकांत एवढी पंचाईत नसते. तिथे तोंडाची मोजकीच चित्रं असतात, उघडं, अर्धं, मिटलेलं, त्यामुळे वाक्याची लांबी आणि थांबे सांभाळले की निभतं. रडणं, धापा, धडपडणं, ढेकर यांना आम्ही 'एफर्ट्स' म्हणतो. किंचाळ्या दिवसाच्या शेवटी ठेवायच्या, हे न सांगणारा दिग्दर्शक आपला नव्हे. सकाळी किंचाळलेला गळा दुपारी परीचं बोलत नाही.

मुंबईत काही वर्षं काढली. तिथल्या एका स्टुडिओत मला पहिल्याच आठवड्यात ऐकवण्यात आलं, "आवाज छान आहे, आधी त्यातलं नागपूर काढा." आमची हिंदी त्यांना चालायची नाही, आम्ही "पानी चाहिए" न म्हणता "मेरेको पानी होना" म्हणतो. मराठीत "करून रायले" निसटायचं. मी नागपूर काढलं. निगुतीने काढलं, आजही पाहिजे तेव्हा काढून ठेवते. पण त्याच स्टुडिओत चोराचा साथीदार, ढोल्या हवालदार किंवा मूर्ख गाढव आलं की काचेपलीकडून फर्मान यायचं, "इथे तुमचं ते नागपुरी टाका ना, मजा येईल." याचा राग आता उतरलाय, हिशेब मात्र लक्षात आहे.

परत आले त्याला कारणं घरची होती. २०२०च्या टाळेबंदीत सगळ्यांनाच कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करावं लागलं आणि मुंबईला कळलं की गोधड्यांच्या खोलीतूनही चालण्यासारखी फाइल येते. तेव्हापासून माझं गाव आणि माझं काम एका जागी आलं.

माझ्या पिढीला कार्टूनचा आवाज म्हणजे काय हे १९९३ने शिकवलं. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'द जंगल बुक' लागायचं. मालिका जपानची, निप्पॉन ॲनिमेशनने १९८९मध्ये केलेली. आपल्याकडे हिंदीत आली. त्यातला शेरखान नाना पाटेकर. घरोघरी मोगलीचं गाणं म्हणणारी पोरं होती, मी शेरखानासाठी बसायचे. तो वाघ उगाच गुरगुरायचा नाही. तो शब्द तोडून, दबक्या आवाजात बोलायचा, आणि वाक्य संपल्यावर जी शांतता यायची तिची भीती वाटायची. त्याच वर्षी 'झपाटलेला' हा सिनेमा आला. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी घडवलेला, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पुढे याच प्रभावळकरांनी टीव्ही मालिकेत टिपऱ्यांचे आबा केले तेव्हा आमच्या घरी कुणाचा विश्वास बसेना की अंगावर काटा आणणारा तो बाहुला हेच बोलत होते.

२०१६मध्ये 'द जंगल बुक'चा नवा सिनेमा हिंदीत आला आणि शेरखानाला पुन्हा नाना पाटेकरच होते. मधे २३ वर्षं. माणूस तेवढा म्हातारा झाला, वाघही झाला असणार, पण पहिल्याच वाक्याला थिएटरात माझ्या शेजारी बसलेला चाळिशीचा गृहस्थ ताठ झाला. मी ज्याला मजुरी म्हणते ती हीच. याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि गंमत अशी, की हा शेरखान आमच्याकडचाच. किपलिंगने १८९४च्या पुस्तकात मोगलीचा लांडग्यांचा कळप सिवनीच्या टेकड्यांत ठेवलाय. सिवनी म्हणजे नागपूर-जबलपूर रस्त्यावर, इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. शेरखानाचा मुलूख वैनगंगेकाठचा. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि भंडाऱ्याकडून खाली येत आमच्या वडशाला लागते. म्हणजे ज्या नदीकाठी मी रात्रभर झाडीपट्टीची नाटकं पाहिली, तिच्याच वरच्या अंगाला तो वाघ. मुंबईला मी हे सांगितलं तर त्यांना कौतुक वाटतं. पेंचच्या पोरांना सांगितलं तर ती म्हणतात, "मंग?"

पेंचच्या पोरांची ओळख कामामुळेच झाली. पेंचच्या जंगलालगतच्या शाळांना दाखवायला एक छोटी ॲनिमेशन फिल्म व्हायची होती. त्यात वाघ, वानर, चितळ, सांबर, सगळ्यांचे आवाज माझे आणि आणखी एका सहकाऱ्याचे. मी म्हटलं, आधी ऐकून येऊ. सिल्लारीच्या बाजूच्या एका गावात शाळेच्या ओट्यावर चार-पाच पोरं जमली. मी वानराचा आवाज काढून दाखवा म्हटलं. एकाने विचारलं, "कोणता? खुशीतला का वाघ दिसल्यावरचा?"

खुशीतला 'हूप' निराळा, लांब, छाती भरून. वाघ किंवा बिबट दिसला की वानर खाकरल्यासारखं तोडून ओरडतं, खॅक, खॅक, आणि फांदी हलवतं. त्या पोराने ते करून दाखवलं तेव्हा शेजारच्या झाडाखालचं कुत्रं उठून उभं राहिलं. चितळाची हाक बारीक, वर जाणारी, शिटीच्या अंगाची. सांबराची सगळ्यांत खालची, पोकळ, एकच ठोका. "सांबराने कॉल देल्ला म्हंजे पक्का," मोठा मुलगा म्हणाला, "चितळ उगाच बी भेते." वानर झाडावरून लांबचं पाहतं, सांबर बहुधा डोळ्यांनी किंवा वासाने खात्री झाल्यावरच बोलतं, हे तो मला समजावून सांगत होता. मी वहीत लिहीत होते: "चितळ: खांदे कानाला, भित्रं, चूक असली तरी ओरडतं. सांबर: पोटातून, एकदाच, वाया घालवत नाही."

मग मी विचारलं, वाघ कसा बोलेल? म्हणजे सिनेमातला, माणसासारखा बोलणारा. यावर त्यांची आपसांत चर्चा झाली. कुणी नानासारखं "ए..." करून पाहिलं. सगळ्यांत लहान होता तो म्हणाला, "थो कायले बोलीन? बाकीचेच बोलतेत त्याच्याविषयी."

दिग्दर्शकाला मी हे सांगितलं आणि तो समंजस निघाला. फिल्ममधल्या वाघाच्या निम्म्या ओळी त्याने उडवल्या, त्या वानर-चितळांना दिल्या. माझे पैसे ओळींवर असते तर मीच नुकसानीत गेले असते. सुदैवाने भूमिकांवर ठरले होते.

आता मशीनचं. गेल्या काही करारांत शेवटच्या पानावर बारीक टाइपात एक कलम येतं: हा आवाज सर्व माध्यमांत, कायमचा आणि पुढे येणाऱ्या कुठल्याही तंत्रासाठी वापरता येईल. म्हणजे पिल्लाचे चार भाग माझ्याकडून घ्यायचे आणि उरलेले ४८ कॉम्प्युटरकडून बोलवून घ्यायचे, असा रस्ता त्यात मोकळा ठेवलेला असतो. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंगच्या बाजूने आदेश देऊन त्याच्या आवाजाच्या अशा नकलांना आवर घातला. तो अरिजित सिंग आहे. अस्वलाच्या पिल्लासाठी कोर्टात कोण जाणार? मी ते कलम खोडून सही करते. काही कामं त्यामुळे गेली, जाऊ देत.

माझ्याच म्हणण्याविरुद्ध जाणारा एक मुद्दा इथे येतो, तो टाळून चालणार नाही. आवाज तसाच्या तसा राखणं ही माझी मजुरी असेल, तर मशीन ती माझ्याहून बरी करेल. तिला सर्दी होत नाही, कूलर चालू ठेवला तरी फरक पडत नाही. मी यावर बराच विचार केला आणि वही पुन्हा चाळली. त्यात आवाज लिहिलेलाच नाही. त्यात भूक लिहिलीय, भित्रेपणा लिहिलाय. ते पिल्लू पेंगुळलं, खोटं बोलायला लागलं, रडून झाल्यावर हसलं, तरी पोरांना ते तेच वाटलं पाहिजे. सूर बदलूनही तेच. नुसता सूर सांभाळणाऱ्याला हे जमेलच असं नाही. जमेल तेव्हा बघू.

बाईला या धंद्यात एक सोय आहे, मुलग्यांची कामं तिच्याकडे येतात आणि राहतात. खऱ्या मुलाला घेतलं तर दोन हंगामांत त्याचा आवाज फुटतो. जपानमध्ये नोबुयो ओयामा यांनी १९७९पासून २००५पर्यंत डोरेमॉन बोलला, अमेरिकेत नॅन्सी कार्टराइट १९८७पासून बार्ट सिम्पसन बोलतायत, आपल्याकडे हिंदीतला निंजा हातोडी मेघना एरंडेंचा. माझा भाचा मित्रांना सांगतो, "माही मावशी पोट्टा हाये टीव्हीवर." मी ते बायोडेटात घालणार आहे.

सध्या एका मराठी मालिकेचं बोलणं चाललंय. नायक वाघाचा बछडा, मुक्काम विदर्भातलं जंगल. नमुन्यादाखल पहिला प्रसंग पाठवला त्यांनी. बछडा पुस्तकी मराठीत बोलतो, "अरे मित्रांनो, चला पाहूया!" आणि त्याच्याबरोबर एक बावळट कावळा आहे, तो तेवढा वऱ्हाडीत. मी फोनवर म्हटलं, वाघ इथला आहे, तो इथलं बोलू द्या, कावळा हवा तर पुण्याहून उडत आलेला दाखवा. पलीकडचा हसला. म्हणाला, "ताई, आयडिया भारी आहे, पण चॅनल ऐकणार नाही. तुम्ही आहे तसं पाठवा."

मी दोन टेक पाठवलेत. एक आहे तसा. दुसऱ्यात बछडा गुहेतून तोंड काढून म्हणतो, "काऊन बे, कोणी हाये का नाही?" बिल एकाच टेकचं लावलंय.